प्रदर्शनाचं जनावर: पोट कडब्याने भरा, टरफलांच्या पोत्याने नाही

प्रदर्शनांचा हंगाम जवळ आला की गोरेगावच्या तबेल्यांपासून वसई-शहापूरपर्यंत एकच विचारणा होते: जनावर भरलेलं कसं दिसेल? या वेळचे निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न (गोरेगाव): मुऱ्हा म्हैस प्रदर्शनाला न्यायची आहे. दूध चांगलं आहे, पण पोटाचा घेर कमी दिसतो. खाद्यविक्रेता म्हणतो, शेवटचे आठ दिवस सोयाबीनचं आणि सरकीचं टरफल रोज पाच-पाच किलो द्या. द्यावं का?

उत्तर: देऊ नका. आधी टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात मोजा, घेर गुणिले घेर करा, त्याला खांद्यापासून माकडहाडापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 660 ने भागा. आलं वजन किलोत, अंदाजे. घेर 78 आणि लांबी 60 असेल तर साधारण 550 किलो. अशी म्हैस दिवसाला 14 ते 16 किलो कोरडा आहार (म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून) खाते. त्यातले दहा किलो टरफलच गेलं, तर वैरण, खुराक, दूध यांच्या वाट्याला काय उरलं? विक्रेत्याने हा हिशेब केलेला नसतो. त्याला पोती खपवायची असतात.

शिवाय ही दोन टरफलं एका जातीची नाहीत. सोयाबीनचं टरफल पोटात लवकर पचतं, ताकद देतं, पण ते बारीक असल्याने त्यावर रवंथ फारशी होत नाही. सरकीचं टरफल उलट: प्रथिनं जेमतेम चार टक्के, नुसती जागा अडवतं. आणि आपल्याकडची सरकी ढेप (तेल काढल्यावर उरलेला चोथा) बहुतेक टरफलासकट गाळलेली असते. म्हणजे ढेप चालू असेल तर तुम्ही टरफल आधीच चारताय, वर पुन्हा विकत घेताय! ढेप चालू असेल तर सरकीचं टरफल शून्य. सोयाबीनचं दीड किलो, फार तर दोन, तेही दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवत.

घेर येतो तो कडब्याने. प्रदर्शनाच्या दोन महिने आधीपासून ज्वारीचा कडबा रोज पाच किलो, कुट्टी (कापलेले तुकडे) दोन-तीन सेंटिमीटरची, तीन वेळा विभागून. हिरवी वैरण वीस-पंचवीस किलो, खुराक दुधाच्या हिशेबाने. आधी कडबा, मग आंबोण (भिजवलेला खुराक); हा क्रम मोडू नका. कुट्टी पिठासारखी बारीक करू नका, रवंथ बंद पडते. मुंबईत कडबा महाग पडतो हे मला माहीत आहे, म्हणून तबेलेवाले भाताच्या पेंढ्यावर भागवतात. पेंढा चालेल, पण त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवतं, तेव्हा खनिज मिश्रण चुकवू नका. माझं मत विचाराल तर प्रदर्शनाच्या जनावरापुरता तरी कडबाच आणा.

शेवटच्या आठ दिवसांत काहीही नवीन चारू नका. पोटातले चारा पचवणारे सूक्ष्मजंतू नव्या खाद्याला सरावायला दोन-तीन आठवडे घेतात. त्याआधी ढीग ओतलात तर म्हैस रिंगणात पातळ शेण टाकत उभी राहील आणि परीक्षकाला तेच दिसेल.

प्रश्न (वसई): गीर गायीसाठी व्हिडिओत पाहिलेलं बीट पल्प घ्यावं का?

उत्तर: परदेशात साखरेच्या बीटचा चोथा मुबलक मिळतो, म्हणून तिथे तो वापरतात. खाद्य वाईट नाही, पण कोरडं देऊ नका, ते पाणी पिऊन कितीतरी पट फुगतं. भिजवलेलं आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत आंबतं. आंबलेलं, बुरशी आलेलं फेकायचं, ‘थोडं उन्हात टाकून’ चारायचं नाही. तेवढ्या पैशात हरभऱ्याचं भुसकट आणि कडबा घ्या. सहा महिन्यांखालच्या कालवडीला तर असलं भरताड (नुसतं पोट भरणारं खाद्य) देऊच नका. ती पोटाळ दिसते आणि परीक्षक जंताचा संशय घेतो.

प्रश्न (शहापूर): डांगी जातीचा वळू राजूरच्या (ता. अकोले) प्रदर्शनाला न्यायचा आहे. दुकानदाराने सांगितलं, आदल्या रात्री पाणी तोडा, मूठ-मूठ मीठ चारा, सकाळी पाणी पाजा, कूस (बरगड्यांमागचा खळगा) भरून येईल.

उत्तर: हा सल्ला जनावर मारणारा आहे. मीठ जास्त आणि पाणी बंद, यातूनच मिठाची विषबाधा होते: तोल जातो, झटके येतात. रोजचं मीठ 30 ते 50 ग्रॅम, पाणी कधीही बंद नाही. नळीने पाणी किंवा कांजी ओतण्याचा उद्योगही बंद करा, फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. खायच्या सोड्याचंही तेच. भरपूर खुराकावरच्या दुभत्या जनावराला दिवसाला 100 ते 150 ग्रॅम ठीक आहे. कडब्यावरच्या वळूला त्याची गरज नाही. दुकानदार पाव-पाव किलो सांगतात. ऐकू नका. डांगीची शोभा हाडापेरात आणि तेलकट कातडीत आहे, लोंबत्या पोटात नाही.

घाट चढायच्या आधी पोट ठासू नका. गाडीत कोरडा कडबा द्या, घरचीच वैरण सोबत न्या, एक दिवस आधी पोहोचा. परक्या पाण्याला तोंड लावत नसेल तर थोडा गूळ चालेल, थोडाच. लाळ्या-खुरकूत आणि लंपीची लस किमान चार आठवडे आधी, कानात 12 अंकी बिल्ला आणि आरोग्य दाखला हवा.

प्रश्न (भिवंडी): स्वस्त कोंडा मिळतो, पण जनावरं खात नाहीत.

उत्तर: तळहातावर चोळून पाहा. टोचलं तर त्यात भाताचा तूस दळून घातलाय. तुसात सिलिका भरपूर आणि पचण्यासारखं जवळजवळ काही नाही. ‘भरताड म्हणून चालतं’ असं विक्रेता म्हणेल. पोतं परत करा, पावती मागा. कडबाकुट्टी यंत्राला अनुदान आहे, अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर. पुढची चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करा.