सगळं नेटवर मिळतं, मग प्रोजेक्टसाठी मुलाने शाळेच्या लायब्ररीत कशाला जायचं?

गोव्यात फोंड्याकडच्या एका हायस्कूलात मी बरीच वर्षं लायब्ररी सांभाळतोय. तुमचा मुलगा नववीत, प्रोजेक्ट मोबाइलवरच उरकतो, मग लायब्ररीचा उपयोग काय असं तुम्ही विचारलंय. खरं सांगू, काही शाळांत लायब्ररी म्हणजे कुलूप लावलेली तीन कपाटं आणि चावी हेडसरांच्या ड्रॉवरात, तेव्हा तुमचं चुकत नाही.

पण गेल्या वर्षी काय झालं बघा. दुर्भाटचा एक मुलगा खाजन शेतीवर, म्हणजे खाडीकाठी बांध घालून करतात त्या शेतीवर, चार पानं प्रिंट मारून घेऊन आला आणि वरचा फोटो चक्क केरळचा. मी म्हटलं पानं ठेव बाजूला, तुला स्वतःला काय कळत नाही ते सांग. गप्प. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, "सर, भरतीचं खारं पाणी शेतात शिरत कसं नाही?" झालं, आता शोधायला काहीतरी मिळालं! लायब्ररीत प्रत्येक विषयाला नंबर असतो, शेती ६३० च्या रॅकवर, भारताचा इतिहास ९५४ वर, म्हणजे एका प्रश्नाला दोन कपाटं पालथी घालायची, शिवाय पुस्तकाच्या मागे कुठला शब्द कुठल्या पानावर ते सांगणारी सूची असते हेच त्याला माहीत नव्हतं. सूचीत 'मानस' सापडली, म्हणजे बांधातलं दार, ओहोटीला आतलं पाणी बाहेर जाऊ देतं आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतं. आजोबांना आधी 'खाजन म्हणजे काय' विचारलं होतं तर ते "शेत रे, आणि काय" म्हणून मोकळे झाले होते, पण मानशीचं नाव काढल्यावर तासभर बोलले, खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भातापासून मानशीत जाळं लावून मासे धरण्यापर्यंत सगळं.

नेटशी माझं भांडण नाही हां. मराठी विश्वकोश फुकट आहे तिथे, मीच मुलांना उघडून देतो. भारतीय संस्कृतिकोशाचे जाडजूड दहा खंड मात्र कपाटात धूळ खातात, पण ते करणारे महादेवशास्त्री जोशी आपल्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेडे गावचे म्हटलं की एखादा तरी खंड खाली उतरतो. शाळेत नाहीच मिळालं तर पणजीला पाट्टोवर कृष्णदास शामा सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ सालची, एकदा घेऊन जा.

मुलाला सांगा, लायब्ररीत विषय घेऊन जाऊ नको, प्रश्न घेऊन जा. आणि चावी ड्रॉवरातच असेल तर पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, मीटिंगमध्ये तुम्हीच विचारा, मुलांचं कोण ऐकत नाही.