बोरन्हाणाची गोधडी: आधी चौकोन अंथरा, नमुना मग ठरवा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि सकाळी कपाटातून माझे जुने चौकोन काढून पुन्हा मोजून बघितले. म्हणून उत्तराला जरा उशीर झाला.

तुम्ही लिहिलंय ते असं: बहिणीच्या मुलाचं बोरन्हाण येत्या संक्रांतीला सोलापुरात तुमच्याच घरी आहे, तेव्हा तो सात महिन्यांचा असेल. हाताशी ५ इंची तयार चौकोनांची दोन सारखी पाकिटं आहेत, प्रत्येकात ४२ तुकडे. मशीन घरचं साधं, गोधडी पहिलीच, वेळ दोन महिने. आणि फोनमध्ये साठवलेल्या चौदा नमुन्यांतला कुठला घ्यावा ते ठरत नाहीये.

ते चौदा फोटो आठवडाभर उघडू नका. त्या फोटोंतल्या गोधड्या वेगळ्या कापडाच्या आहेत. तोच नमुना तुमच्या चौकोनांत ओळखूही येणार नाही, आणि मग वाटेल की आपल्या हातात कला नाही. हाताचा दोष नसतो. नमुना कापडातून निघतो, आणि तुमचं कापड तुम्ही अजून नीट पाहिलेलं नाही.

आज रात्री जेवणं उरकली की हॉलमध्ये पांढरी चादर पसरा आणि दोन्ही पाकिटांतले सगळे ८४ तुकडे तिच्यावर मांडा. रंगांप्रमाणे लावू नका. फिकट एकीकडे, गडद एकीकडे, मधले मध्ये, असे तीन ढीग करा. इथे डोळा फसतो. चटक लाल आणि चटक हिरवा आपल्याला एकमेकांपासून फार लांबचे वाटतात, पण गडदपणात ते बहुतेक वेळा सारखेच असतात. फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा, लगेच कळेल. मधल्या ढिगात वीस-पंचवीसच तुकडे असतील तर तुमच्याकडे नमुना करायला जीव आहे. सगळेच मधल्या ढिगात पडले (तयार पाकिटांत फार वेळा असंच होतं, कारण सगळी छपाई एकाच मालिकेतली असते) तर कितीही गुंतागुंतीची रचना केली तरी ती दोन हातांवरून खिचडीच दिसणार. मग बाहेरून साधं कापड आणावंच लागतं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. माझं सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात गेलं, विणकरांच्या वस्तीत, मागाच्या आवाजात. सोलापुरी चादर लांबून बघा. मोर असो, फूल असो, खोलीच्या दारातून ओळखू येतं, कारण जमिनीचा रंग आणि नक्षीचा रंग एकमेकांपासून पुरेसे लांब ठेवलेले असतात. चादर उलटी केली की रंगांची अदलाबदल होते, जमीन नक्षी होते आणि नक्षी जमीन, तरी मोर तसाच उठून दिसतो. गोधडीचंही तेच आहे. कुठला रंग याला महत्त्व कमी, शेजारचा त्याच्यापेक्षा किती फिकट किंवा गडद याला जास्त.

दुसरं बघायचं ते छपाईतल्या चित्राचा आकार. तुम्ही टाकलेल्या पाकिटांच्या फोटोत मला हत्ती आणि होड्या दिसल्या. हत्ती जवळजवळ चौकोनभर आहे. अशा तुकड्याचे त्रिकोण करू नका. मी पहिल्या गोधडीला तेच केलं होतं, माझ्या थोरल्या पुतणीसाठी. दोन चौकोन एकावर एक ठेवून, तिरकी रेघ आखून, रेघेच्या दोन्ही बाजूंना शिवून मध्ये कापायचं, म्हणजे एका जोडीतून दोन दुरंगी चौकोन निघतात. पद्धत सोपी आहे, हातही चांगला बसला होता. पण अंथरल्यावर बघितलं तर प्रत्येक सशाचं डोकं एका तुकड्यात आणि पाय दुसऱ्यात. पुतणी दीड वर्षाची झाली तेव्हा त्या सशांवर बोट ठेवून विचारायची, कान कुठंय? मला फार वाईट वाटायचं. लेकराला ओळखता येईल असं चित्र कापडावर असेल तर ते अख्खं राहू द्यावं, यावर मी तेव्हापासून ठाम आहे. बारीक ठिपके, चौकडी, रेघा, छोटी फुलं यांचे मात्र खुशाल त्रिकोण करा.

आता तुमच्या कापडाला काय शोभेल ते सांगते. माझं मत एकाच रचनेकडे आहे: एक छापील, एक साधा, असे आलटून पालटून चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. आडवे ८, उभे १०, म्हणजे ४० छापील आणि ४० साधे. ५ इंची चौकोन चारी बाजूंनी दोन सूत (पाव इंच) शिवणीत गेला की वर साडेचार इंच दिसतो, त्यामुळे गोधडी होते ३६ बाय ४५ इंच. बोरन्हाणाला पाटावर किंवा जमिनीवर अंथरायला हे माप छान, आणि पुढे रांगणाऱ्या पोरालाही पुरतं. ९ बाय ९ केलं तर साडेचाळीस इंचाचा सरळ चौरस होतो, दिसायलाही चांगला, पण मग अस्तराचा घोळ होतो. अस्तर चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त हवं, म्हणजे साडेचव्वेचाळीस. आपल्याकडे सुती कापडाचा पन्हा साधारण ४४ इंच येतो, म्हणजे नेमका अर्ध्या इंचासाठी जोड द्यावा लागतो. ३६ बाय ४५ ला दीड मीटर अस्तर आणलं की धुऊन आटल्यावरही एकाच तुकड्यात भागतं.

साधे ४० चौकोन ४४ पन्ह्याच्या पाऊण मीटरमध्ये निघतात, एका आडव्या पट्टीत आठ याप्रमाणे पाच पट्ट्या. पण तेही आटणार, म्हणून एक मीटर घ्या. चाटी गल्लीत किंवा नवी पेठेत सुती केंब्रिक किंवा पॉपलीन मागा. पांढरंशुभ्र घेऊ नका. बोरन्हाण म्हटलं की बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा सगळं त्या गोधडीवरच पडणार, आणि शेजारची पोरं ते वेचायला गुडघ्यांवर रांगत येणार. पिकलेल्या बोराचा डाग पांढऱ्यावरून जाता जात नाही. फिकट लिंबू, गव्हाळ किंवा अगदी हलका आकाशी घ्या. हत्ती निळे-करडे आहेत म्हणून मी असते तर लिंबू घेतला असता. संक्रांतीला बाळाच्या अंगात काळं झबलं आणि वर हलव्याचे दागिने असणार, ते या रंगावर किती उठून दिसेल बघा.

गोधडीवर बाळ बसणार, हेच कारण मध्यभागी मोठा तारा असलेल्या नमुन्याच्या विरुद्ध जातं. तुमच्या चौदा नमुन्यांत तो आहे आणि तुमचा जीव त्यावर दिसतोय. पण बाळ बसणार बरोबर मध्ये. सगळी मेहनत त्याच्या खाली झाकून जाईल आणि कडेचं साधं कापड तेवढं दिसेल. पटासारख्या रचनेत कुठेही बसवा, आजूबाजूला हत्ती आणि होड्या राहतातच. शिवाय त्या दिवशी बायका चारी बाजूंनी गोल बसतात, म्हणून सगळे हत्ती एकाच दिशेला उभे करू नका. थोडे या बाजूचे, थोडे त्या बाजूचे.

पट फारच साधा वाटत असेल तर मनात एक दुसरी रचना ठेवा, तिला डिसॅपिअरिंग नाइन पॅच म्हणतात. नऊ चौकोन तीन-तीनच्या ओळींत शिवायचे, १४ इंचांचा ठोकळा होतो, तो बरोबर मधोमध उभा-आडवा कापायचा. सात-सात इंचांचे चार तुकडे मिळतात, ते फिरवून पुन्हा जोडायचे. प्रत्येक ठोकळ्याच्या मधोमध एकच गडद रंग ठेवला तर तो चार छोट्या चौकोनांत विभागून गोधडीभर पसरतो. बघणाऱ्याला वाटतं, केवढं कठीण काम. ८१ चौकोनांत नऊ ठोकळे, छत्तीस तुकडे, एकूण ३९ इंचांचा चौरस. पण इथेही हत्ती कापला जातो: फक्त चार कोपऱ्यांतले चौकोन अख्खे राहतात, बाकीचे पाच चिरले जातात. हत्ती कोपऱ्यांतच ठेवायची काळजी घ्यावी लागेल. पहिल्या गोधडीला मी हे सुचवणार नाही. दुसरीला जरूर करा, कारण पटाच्या रचनेत तुमचे ४४ चौकोन उरणारच आहेत.

शिवणीबद्दल एकच गोष्ट मनापासून सांगते. तयार चौकोनांच्या कडा करवतीसारख्या दातेरी असतात. ५ इंच हे माप दाताच्या टोकापासून आहे की खोबणीपासून, ते पाकिटागणिक बदलतं. दोन-तीन तुकडे फूटपट्टीखाली ठेवून बघा आणि मग शेवटपर्यंत तेच टोक किंवा तीच खोबण धरा. साधे चौकोन कापताना मापासाठी पाकिटातलाच तुकडा वर ठेवा. मग कुठल्याही तीन तुकड्यांची एक ओळ शिवून, इस्त्री करून मोजा. बरोबर १४ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर शिवण जाड जातेय, सुईपासून दोन सुतांवर मशीनच्या पत्र्याला रंगीत चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला लावून चालवा. एका शिवणीत एकच सूत चुकलं तरी आठ चौकोनांच्या ओळीत सात शिवणी असतात, आणि प्रत्येक शिवणीत दोन्ही तुकड्यांचं एकेक सूत जातं, म्हणजे ओळ पावणेदोन इंच कमी भरते. मग एक ओळ लांब, एक आखूड, आणि ओढून बसवलेलं कापड धुतल्यावर फुगतं. शिवणी नेहमी गडद कापडाच्या बाजूला दाबा. पटाच्या रचनेत त्यामुळे शेजारच्या ओळींच्या शिवणी उलट दिशांना वळतात आणि एकमेकींत अशा घट्ट बसतात की कोपरे बोटांनीच जुळतात.

चौकोन आधी धुऊ नका, पाच इंचांचा तुकडा धुतला की कडेचे धागे सुटून त्याचं माप जातं. अस्तर आणि साधं कापड मात्र धुऊन घ्या. चौकोनांतले लाल आणि गडद निळे तेवढे तपासा: ओला पांढरा रुमाल तुकड्यावर ठेवून गरम इस्त्री दाबा. रुमालाला रंग लागला तर तो तुकडा बाजूला काढा, दोन पाकिटं आहेत तुमच्याकडे. मी एकदा लाल अस्तराला हे केलं नाही आणि पहिल्याच धुण्यात सगळी फिकट बाजू गुलाबी झाली.

आत काय घालायचं, हेही विचारलंय. आपल्या गावात मार्च उजाडला की पंखा बंद होत नाही, मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो. दुकानातला जाड पॉलिएस्टरचा फुगीर थर इथे बाळाच्या अंगाला नकोच. जुन्या सुती साडीचे दोन थर किंवा फ्लॅनेलचा एक. तुमच्या आईची धुऊन धुऊन मऊ झालेली साडी असेल तर तीच घाला, आपल्याकडे बाळाला पहिलं दुपटं जुन्याचंच करतात ते उगाच नाही. कुणीतरी सोलापुरी चादर आत घालायला सुचवलंय, ते ऐकू नका, तीन थरांतून सुई जाणार नाही. युनिफॉर्मच्या कारखान्यातली कात्रणंही ओळखीत मिळतात, पण ती बहुतेक टेरिकॉटची, घाम टिपत नाहीत. खणाचा तुकडा कडेला लावायचा मोह होईल, तोही आवरा, त्याचे धागे सुटतात. आरसे, टिकल्या, बटणं, घुंगरू काही नको. सात महिन्यांचं पोर जे दिसेल ते तोंडात घालतं. आणि बहिणीला आवर्जून सांगा की ही गोधडी जमिनीवर अंथरायची, तीही कुणीतरी जवळ असताना. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत पांघरायची नाही, बालरोगतज्ज्ञ एवढ्या लहान वयात सैल पांघरुणाला नकोच म्हणतात, नाकातोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही.

वरून धावदोरा हातानेच घाला. चौकोनांच्या शिवणीपासून दोन सूत आत, सुती दोऱ्याने. रोज रात्री अर्धा-पाऊण तास बसलात तर दोन महिन्यांत आरामात होईल. मध्यापासून सुरू करून कडेकडे या, म्हणजे अस्तराला चुण्या पडत नाहीत. कडेला गोट सुती कापडाचाच, दुहेरी घडीचा. रांगताना तीच कड सगळ्यात आधी झिजते.

आज रात्री तेवढे चौकोन मांडा आणि त्यांचा कृष्णधवल फोटो इथे टाका. साडीचा थर कुठल्या साडीचा घालताय तेही लिहा, काठ कापून टाकायचा की ठेवायचा ते तिच्या जाडीवर ठरेल.