किनाऱ्यावर गॅसची शेकोटी

प्रश्न: गुहागरच्या किनाऱ्यालगत तंबू टाकतो. सोबत नेता येईल अशी गॅसची शेकोटी घेताना काय पाहावे?

उत्तर: आधी गॅसचा हिशोब करा. ५०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचे माप, इथे दर तासाचे) शेकोटी पूर्ण आचेवर तासाला सुमारे १.१ किलो एलपीजी, म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, जाळते. ५ किलोचा सिलिंडर जेमतेम साडेचार तास. चौघांना निम्म्या क्षमतेची पुरते. खाऱ्या हवेसाठी बर्नर स्टेनलेस स्टीलचा, शक्यतो ३१६ प्रतीचा (मिठाने कमी गंजणारा) घ्या. काजळी धरू लागली, तर हवेच्या छिद्रात वाळू गेली आहे का ते पाहा. समुद्रावरचे गोटे आत मुळीच घालू नका. मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात. लाव्हा खडेच (ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाचे) वापरा. जोडणीवर साबणाचे पाणी लावून गळती तपासा. हा गॅस हवेपेक्षा जड, खळग्यात साचतो. म्हणून शेकोटी वाळूच्या खड्ड्यात नको आणि तंबूत तर नकोच नको.