उत्तरार्ध, पूर्वकथा, पर्व की नुसताच ‘टू’?

गोव्यातल्या फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. अलीकडे पाहिलेल्या सिनेमा-मालिकांवर त्यांनी चार ओळी लिहिल्या. त्यांत तीन वाक्यं अशी होती: ‘‘दृश्यम’चा उत्तरार्धही तितकाच खिळवून ठेवतो’, ‘‘कांतारा’चा उत्तरार्ध जरा लांबला’ आणि ‘‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग सगळ्यांत सरस’. त्या ओळी वाचणाऱ्या एकाने तिन्हींवर बोट ठेवलं. सीक्वेलला उत्तरार्ध म्हणत नाहीत तर मग काय म्हणतात, आणि या तीन वाक्यांत नेमकं चुकलं कुठे, असं या वाचकाला विचारायचं आहे.

तिन्ही वाक्यं चुकली आहेत, पण तिन्हींची चूक वेगवेगळी आहे. सीक्वेलला एकच मराठी शब्द शोधायला गेलं की असा घोटाळा होतो, कारण इंग्रजीत एका शब्दाखाली जे सगळं खपतं ते मराठीत आधीच वेगवेगळ्या शब्दांत वाटलेलं आहे. त्यामुळे शब्द निवडण्याआधी विचारायचं ते इतकंच: गोष्ट तीच आहे का, आणि असेल तर ती पुढे सरकते की मागे?

उत्तरार्धापासून सुरू करू. या शब्दात ‘अर्ध’ आहे, आणि ते शोभेला आलेलं नाही. एकाच गोष्टीचे दोन तुकडे केले तर पहिला पूर्वार्ध, दुसरा उत्तरार्ध. एकाविना दुसरा अपुरा. ‘बाहुबली’ला हा शब्द चपखल बसतो. २०१५ चा पहिला सिनेमा ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं’ या प्रश्नावर थांबला आणि त्याचं उत्तर मिळायला २०१७ उजाडलं. गोष्ट एकच होती, मध्यंतर तेवढं दोन वर्षांचं. पुढे २०२५ मध्ये दोन्ही भाग जोडून, काटछाट करून ‘बाहुबली: द एपिक’ या नावाने एकच सिनेमा थिएटरात आणला, म्हणजे निर्मात्यांनीही ते दोन अर्ध आहेत हे मान्यच केलं.

‘दृश्यम’चं तसं नाही. २०१५ चा हिंदी ‘दृश्यम’ स्वतःत पुरा आहे. केबलवाला विजय साळगावकर, २ ऑक्टोबर, पणजीचं सत्संग, पोलिसांची चौकशी, आणि शेवटी प्रेक्षकाला कळलेलं पण पोलिसांना न कळलेलं ते रहस्य. (ते इथे फोडत नाही. स्पॉयलरला ‘रहस्यभेद’ हा नेटका शब्द आहे, तो वापरायला हरकत नाही.) दुसरा सिनेमा नसता आला तरी पहिल्याचं काही अडलं नसतं. २०२२ चा ‘दृश्यम २’ सात वर्षांनंतर उघडतो. साळगावकर आता थिएटरचा मालक आहे, स्वतः सिनेमा काढायच्या खटपटीत आहे, आणि जुनं प्रकरण पुन्हा वर येतं. हा अर्धा तुकडा नव्हे, पुऱ्या गोष्टीनंतरची दुसरी पुरी गोष्ट आहे. शिवाय तिसऱ्या ‘दृश्यम’ची घोषणाही झालेली आहे. दुसऱ्याला उत्तरार्ध म्हटलं तर तिसऱ्याला काय म्हणणार? दोनच अर्ध असतात.

मग म्हणायचं काय? संस्कृतात याची सोय जुनी आहे. भवभूतीने ‘महावीरचरित’ लिहिलं आणि त्यानंतरचं रामाचं चरित्र ‘उत्तररामचरित’ या नाटकात घेतलं. बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली, ती त्याच्या मुलाने पुरी केली. त्या दोन तुकड्यांना पूर्वभाग आणि उत्तरभाग म्हणतात. नॉव्हेलला मराठीने ज्या ग्रंथाचं नाव दिलं, त्याच ग्रंथात उत्तरभागाचा नमुना तयार आहे. ‘उत्तर’ म्हणजे इथे ‘नंतरचं’. त्यात अर्ध नाही, म्हणून पहिली गोष्ट संपलेली असो की नसो, शब्द चालतो. लेख लिहिताना ‘उत्तरकथा’ किंवा ‘उत्तरभाग’ लिहावं. बोलताना ‘पुढची गोष्ट’ म्हणावं. ‘‘दृश्यम २’ ही साळगावकर कुटुंबाची पुढची गोष्ट’ हे वाक्य कोणीही अडखळल्याशिवाय वाचेल.

कुणी ‘उत्तररंग’ सुचवतं. गोव्यात कीर्तनं ऐकणाऱ्यांच्या तोंडी तो शब्द असतो, आणि दिसायला देखणाही आहे. पण कीर्तनात पूर्वरंग म्हणजे निरूपण, उत्तररंग म्हणजे ते पटवणारं आख्यान. पूर्वरंगात गोष्ट नसतेच, मग तिच्या पुढची गोष्ट उत्तररंगात येणार कुठून? तो शब्द कीर्तनकारांकडेच राहू द्यावा.

दुसऱ्या वाक्यात अडचण उलटी आहे. २०२२ चा ‘कांतारा’ मुख्यतः १९९० च्या आसपास घडतो. २०२५ मध्ये आलेला ‘कांतारा: चॅप्टर १’ त्याच्या कितीतरी शतकं आधीचा, कदंब राजांच्या काळातला आहे. (आपल्याकडे गोव्यात कदंब म्हटलं की आधी सरकारी बस आठवते, ती गोष्ट वेगळी.) तो मागाहून आला म्हणून उत्तर ठरत नाही. नावातच ‘चॅप्टर १’ आहे, म्हणजे आकडा गोष्टीच्या क्रमाने दिलाय, प्रदर्शनाच्या क्रमाने नाही. याला, म्हणजे प्रीक्वेलला, ‘पूर्वकथा’ म्हणावं. मात्र या शब्दाचं एक पथ्य आहे. सिनेमाच्या पोटातच मध्ये येणारी जुनी हकीगत, म्हणजे फ्लॅशबॅक, तिला पूर्वकथा म्हटलं तर वाचक गोंधळतो. तिला ‘पूर्ववृत्त’ म्हणावं. ‘बाहुबली २’ मध्ये थोरल्या बाहुबलीची हकीगत सिनेमाचा मोठा हिस्सा व्यापते, तरीही ते पूर्ववृत्त झालं, तो सिनेमा पूर्वकथा झाला नाही. म्हणजे प्रदर्शनाच्या हिशोबाने उत्तरार्ध आणि आत बहुतेक पूर्ववृत्त, असा तो मजेशीर ऐवज आहे.

आता ‘दुसरा भाग’. सगळ्यांत सोपा वाटणारा हा शब्दच सर्वांत जास्त फसवतो. सिनेमाच्या बाबतीत ‘दुसरा भाग’ म्हणजे पुढचा सिनेमा, किंवा मध्यंतरानंतरचा भाग. ‘‘सिंघम’चा दुसरा भाग ढिला आहे’ असं लिहिलं तर लिहिणारा २०११ च्या ‘सिंघम’ला मध्यंतरानंतर नावं ठेवतोय की २०१४ च्या ‘सिंघम रिटर्न्स’ला, हे त्यालाच ठाऊक. मालिकेच्या बाबतीत तर भाग म्हणजे एपिसोड. ‘मागील भागात आपण पाहिलं’, ‘आजचा भाग’, ‘रविवारी दोन तासांचा विशेष भाग’ हे सगळे रोजचे प्रयोग. त्यामुळे ‘‘रात्रीस खेळ चाले’चा दुसरा भाग सगळ्यांत सरस’ याचा सरळ अर्थ, पहिल्या आठवड्यातल्या मंगळवारी दाखवलेला एपिसोड सरस, असा होतो. त्या वाचकाला ते नक्कीच म्हणायचं नव्हतं.

लिहिताना सोपी खूण ठेवावी. मध्यंतराच्या अलीकडे-पलीकडे बोलायचं असेल तर थेट ‘मध्यंतरानंतर’ हा शब्द घालावा. एपिसोड म्हणायचा असेल तर ‘भाग’. सिनेमा म्हणायचा असेल तर आकड्यासकट नाव. आणि मालिकेचा सीझन असेल तर ‘पर्व’.

पर्व या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण मराठी वाहिन्यांनी तो छान रुजवला आहे. मूळ अर्थ सांधा, पेर. उसाचं किंवा बोटाचं पेर म्हणतो तो शब्दही त्यातूनच आलेला. महाभारताची अठरा पर्वं सगळ्यांना ठाऊक असतात. पेर जसं एका कांडाला संपवून दुसरं सुरू करतं, तसं मालिका थांबून पुन्हा सुरू होते. याची गंमत अशी की पर्व हा शब्द काळाची दिशा सांगत नाही, फक्त क्रम सांगतो. म्हणूनच तो ‘रात्रीस खेळ चाले’ला बसतो. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यात आकेरीला चित्रित झालेली, मालवणी वळणाची ही मालिका २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मृत्यूने सुरू झाली. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात अण्णा जिवंत आहेत, शेवंता आहे, म्हणजे गोष्ट मागे गेली. २०२१ च्या तिसऱ्या पर्वात पुन्हा पुढे आली. सीक्वेल आणि प्रीक्वेल हे शब्द हातात घेऊन बसलं तर प्रत्येक वेळी गोष्ट कुठल्या दिशेला गेली ते आठवावं लागतं. ‘दुसरं पर्व हे पहिल्याची पूर्वकथा’ एवढं एकदा सांगितलं की काम भागतं. ‘बिग बॉस मराठी’सारख्या कार्यक्रमाला गोष्टच नसते, तिथे उत्तरकथा म्हणायचा प्रश्नच नाही. ‘पाचवं पर्व’ म्हणावं आणि पुढे जावं.

सिनेमाला मात्र पर्व म्हणू नये. ‘‘पुष्पा’चं दुसरं पर्व’ असं कुणी लिहिलं तर मालिका निघाली की काय, असं वाटतं.

आकड्याने फसण्याचा आणखी एक प्रकार आहे. २०२५ चा ‘धडक २’ हा २०१८ च्या ‘धडक’ची पुढची गोष्ट नाहीच. पहिला ‘धडक’ आपल्या ‘सैराट’चा हिंदी अवतार होता, दुसरा ‘परियेरुम पेरुमल’ या तमिळ सिनेमाचा. माणसं वेगळी, गाव वेगळं. सामायिक काय, तर नाव आणि जातीमुळे अडलेलं प्रेम. याला उत्तरकथा म्हणणं म्हणजे वाचकाला चुकीची माहिती देणं. ‘नावापुरता दुसरा’ असं सरळ लिहावं, त्यात टीकाही येते आणि वस्तुस्थितीही. उलट टोक ‘मुंज्या’चं. हा २०२४ चा कोकणातल्या पिंपळाचा सिनेमा. नावात आकडा नाही, ‘स्त्री’ची पुढची गोष्टही नाही, पण ‘स्त्री’, ‘भेडिया’, ‘मुंज्या’ ही एकाच जगातली माणसं आणि भुतं. यासाठी ‘कथाविश्व’ हा शब्द रुळतो आहे आणि तो चांगला आहे. ‘सिंबा’ आणि ‘सूर्यवंशी’ही असेच ‘सिंघम’च्या कथाविश्वातले. फ्रँचायझीला ‘मालिका’ म्हणायचा मोह टाळावा, कारण ‘‘गोलमाल’ मालिका’ म्हटलं की ती कुठल्या वाहिनीवर लागते, असं कोणीतरी विचारणारच. ‘चित्रपटमालिका’ लांब आहे, पण निःसंदिग्ध आहे.

रीमेक आणि डब यांतला फरक थोडक्यात. हिंदी ‘दृश्यम’ हे २०१३ च्या मल्याळम सिनेमाचं रूपांतर. नट नवे, स्थळ गोवा. हिंदीत ऐकू येणारा ‘कांतारा’ मात्र तोच कन्नड सिनेमा, आवाज तेवढे हिंदी. मराठी रंगभूमीने ‘रूपांतर’ आणि ‘अनुवाद’ हा भेद कायम पाळला, सिनेमावर लिहितानाही पाळावा. आणि रूपांतरं नेहमी हिंदीकडून आपल्याकडे येतात असंही नाही. १९६६ च्या कोंकणी ‘निर्मोण’वरून पुढच्याच वर्षी हिंदी ‘तकदीर’ निघाला होता.

त्या वाचकाच्या ओळींत आणखी एक वाक्य होतं, ते त्यांनी विचारलेलं नाही, पण दुरुस्त करण्याजोगं आहे: ‘मला सिनेमा पडलाच वाटला.’ सिनेमा पडणं हा धंद्याचा शब्द. तिकीटबारीवर पैसे निघाले नाहीत तर पडला, आपटला, झोपला. निघाले तर चालला, धावला. हे वाटण्यावर नसतं, आकड्यांवर असतं. बनवणाऱ्याच्या कारागिरीबद्दल बोलायचं तर जमला, फसला, भट्टी बिघडली. स्वतःच्या आवडीबद्दल आवडला, नाही आवडला, कंटाळलो. न जमलेला सिनेमा चालतो, जमलेला पडतो, आणि दोन्ही आवडू शकतात. हे तीन कप्पे वेगळे ठेवले की साध्या प्रेक्षकाचं मतही धारदार होतं. मालिकेसाठी ‘ताणली’ आणि ‘पाणी घातलं’ हे दोन्ही आहेत, पण एक नाहीत. एकच प्रसंग आठवडाभर चालला तर ताणलं. नवी माणसं, नवी लग्नं, नवे अपघात आणून भागांची संख्या वाढवली तर पाणी घातलं.

‘लागला’ आणि ‘आला’ यांतही असाच भेद पडू लागला आहे. थिएटरात सिनेमा लागतो आणि उतरतो. पूर्वी पणजीच्या ‘नॅशनल’ला किंवा म्हापशाच्या ‘अलंकार’ला लागायचा, आज मल्टिप्लेक्सला लागतो. टीव्हीवरही लागतो, कारण ठरलेली वेळ असते. ओटीटीवर मात्र तो ‘आला’ किंवा ‘आहे’. ‘आठला नेटफ्लिक्सवर लागणार आहे’ हे कानाला खटकतं, कारण तिथे वेळ बघणाऱ्याची असते.

राहिलं लेखन आणि लिंग. जोडाक्षराआधीचा इकार मराठी शब्दांत सामान्यतः ऱ्हस्व असतो म्हणून काही जण ‘सिक्वेल’ लिहितात. पण हा उसना शब्द आहे आणि उच्चार दीर्घ आहे, म्हणून ‘सीक्वेल’ बरं. नावाला प्रत्यय लावताना नाव अवतरणात आणि प्रत्यय बाहेर: ‘सैराट’ची गाणी, ‘सैराटाची’ नव्हे. नावाचं सामान्यरूप करायचं नसतं. ‘दृश्यम २’ असं लिहिलं तरी वाचताना सगळे ‘टू’च म्हणतात, ‘दृश्यम दोन’ म्हणणारा माणूस मिळायचा नाही. तेव्हा पुढचा प्रत्यय त्या उच्चाराला जुळेल असा घ्यावा: ‘दृश्यम २’मध्ये, म्हणजे ‘टूमध्ये’.

लिंग नावाच्या अर्थावरून ठरत नाही, मनातल्या अध्याहृत नामावरून ठरतं. सिनेमा म्हणून पुल्लिंग, मालिका म्हणून स्त्रीलिंग. त्यामुळे खेळ पुल्लिंगी असला तरी ‘‘रात्रीस खेळ चाले’ संपली’ हे बरोबर, आणि ‘‘स्त्री’ चालला, ‘स्त्री २’ त्याहून जास्त चालला’ हेही व्याकरणाला धरूनच आहे. अवतरणचिन्ह तेवढं विसरू नये.