हाड भरल्यावर पाच महिने थांबायलाच हवं का?

प्रश्न : डॉक्टर, माझी खालची दाढ चार वर्षांपूर्वी काढली, दुखणं थांबलं म्हणून मग पुढं काही केलंच नाही. आता इम्प्लांट, म्हणजे हाडात टायटॅनियमचा स्क्रू घालून त्यावर कृत्रिम दात, बसवायला गेलो तर म्हणाले हाड झिजलंय, आधी बोन ग्राफ्ट करा, म्हणजे तिथं हाड भरून घ्या, आणि पाच महिने थांबा. एवढं थांबणं खरंच गरजेचं आहे का? आणि ते हाड आणतात कुठून? दिवसाला पाच-सहा सिगरेटी होतात, तेही सांगून टाकतो.

उत्तर : सिगरेटचं सांगितलंत ते फार बरं केलंत, त्याकडे येतोच.

दात असतो तोवर चावताना हाडावर ताण येत राहतो आणि हाड टिकतं. दात गेला की ते आक्रसायला लागतं, पहिल्या वर्षातच रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांतच जातं. तुमची तर चार वर्षं झाली. बरं, हाड कमी आहे म्हणून स्क्रू आणखी खोल घालू म्हटलं तर खाली ओठाची नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ आणि हनुवटी बधिर होते, म्हणून आधी सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) काढून मोजमाप घेतात.

ग्राफ्टचं हाड तुमच्याच हनुवटीतून किंवा जबड्याच्या मागच्या भागातून घेता येतं, दुसऱ्या माणसानं दान केलेलं, प्रक्रिया केलेलं असतं, गाई-बैलाच्या हाडापासून केलेलं असतं, किंवा कॅल्शियम फॉस्फेटचं कृत्रिम. कुठलं वापरणार ते आधीच विचारा, नको असेल ते नको म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बहुतेक वेळा ते बारीक दाण्यांसारखं असतं आणि वरून पातळ पडदा घालून हिरडी शिवतात. पहिल्या काही दिवसांत एखाद-दुसरा दाणा तोंडात आला तर घाबरू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. हे दाणे म्हणजे नुसता सांगाडा असतो, त्यात रक्तवाहिन्या शिरतात आणि नवीन हाड तुमचं शरीरच तयार करतं, त्याला चार ते सहा महिने लागतातच. टायटॅनियम जिवंत हाडाला घट्ट धरतं हे स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 साली दिसलं, सगळं इम्प्लांट त्यावरच उभं आहे, पण धरायला हाड तर हवं ना! कमतरता थोडीच असेल तर ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करता येतं, किंवा आखूड इम्प्लांट चालतो का ते बघता येतं, स्कॅन समोर ठेवून हे डॉक्टरांना जरूर विचारा.

आणि सिगरेट. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, टाके उसवतात, ग्राफ्ट उघडा पडून वाया जातो, मी हे पेशंटांना कळकळीनं सांगत असतो. आधी निदान दोन आठवडे आणि नंतर हाड तयार होईपर्यंत एकही नको. डायबेटिस असेल, किंवा हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर तेही पहिल्याच भेटीत सांगा, पण मनानं बंद करू नका.