फुलपाखरं हवीत, अळ्या नकोत!

वळीव झाला की कोल्हापुरातल्या बागांबद्दल हे प्रश्न दरवर्षी येतात.

फुलपाखरांसाठी घाणेरी लावू का? फुलं वर्षभर असतात. (कळंबा)

नको, ती रानात पसरते. पेंटास, एक्झोरा लावा.

अंगणात शिंजीर पक्षी यावेत म्हणून काय लावावं? जागा सहा बाय दहा फूट. (राजारामपुरी)

एकेरी पाकळ्यांची जास्वंद आणि हमेलिया, तीन फूट अंतरावर. गच्च पाकळ्यांची जास्वंद ‘फूल मोठं’ म्हणून गळ्यात मारली जाते, पण तिच्यात मधापर्यंत चोच पोचणं अवघड. माती काळी असेल तर वाफा वीतभर उंच करा, नाहीतर पावसाळ्यात मुळं कुजतील.

रातराणीमुळे साप येतात म्हणे. काढून टाकू? (फुलेवाडी)

कुणी सांगितलं? साप वासाला भुलत नाही, तो उंदीर-बेडकांमागे येतो. आधी विटांचा ढीग हलवा. दिसला तर सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मांत्रिक नको, थेट सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा.

कढीपत्त्याची पानं अळ्या खातात. दुकानदारानं मुळाशी ओतायला औषध दिलंय. ओतू ना? फुलपाखरंही यायला हवीत. (उचगाव)

अहो, त्या अळ्या म्हणजेच तुमची फुलपाखरं! आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत लिंबाच्या जातीच्या झाडांवर अंडी घालतं. कढीपत्त्यावर त्याचेच भाऊबंद येतात. मुळाशी ओतायच्या औषधात बहुधा इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्झाम हे कीटकनाशक असतं. ते मुळांवाटे पानांत आणि फुलांच्या मधातही उतरतं, कित्येक आठवडे टिकतं, पान धुतल्यानं जात नाही. आणि तीच पानं तुम्ही फोडणीत टाकणार! बाटलीवर कढीपत्त्याचं नाव आहे का, हे दुकानदारानं तरी वाचलंय का? आधीच ओतलं असेल तर पानं खाणं थांबवा आणि बाटली घेऊन कृषी अधिकाऱ्यांकडे जा. ‘सेंद्रिय’ म्हणून निंबोळी अर्कही मारू नका; त्यानं अळीचं कात टाकणं बिघडतं.

लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, मोठी झाली की हिरवी होते. बोट लावलंत तर डोक्यामागून लालसर दुशिंगी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चावत नाही. दोन झाडं ठेवा, एक स्वयंपाकाचं, एक त्यांचं. स्वयंपाकाच्या झाडावरची अळी पानासकट उचलून दुसऱ्यावर ठेवायची. दोन फुटांच्या आतल्या रोपावर दोन-तीनच राहू द्या. जोमदार झाड अळ्यांनी ओरबाडलं तरी पुन्हा फुटतं. अळी दिसत नाही आणि पानं मात्र आकसतात, तर दुखणं वेगळं. फांदी कृषी महाविद्यालयात दाखवा. नवं रोप घेतानाही औषध दिलंय का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी नर्सरी बघा.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवलं तर डास होतील का? (रंकाळा)

रोज ओतून, घासून भरलं तर नाही. भांडं दोन इंचांपेक्षा खोल नको.

गच्चीवर 20 इंची कुंड्यांत लिंबू लावले तर? (शाहूपुरी)

लिंबू येईल. पण ओल्या मातीसकट अशी एक कुंडी 100 किलोच्या घरात जाते. घर जुनं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला गच्ची दाखवा, रोपं मग आणा.