ॲल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सिरॅमिकात) किती टक्के कार्बन नॅनोट्यूब घातल्या की चिवटपणा तिप्पट होतो?

आधी ते 'तिप्पट' डोक्यातून काढा. तो आकडा 2003 च्या शोधनिबंधातला आहे: आकारमानाने 10 टक्के एकपदरी नळ्या (नॅनोट्यूब), चिवटपणा, म्हणजे तडा वाढू न देण्याची ताकद, 9.7 मेगापास्कल रूट मीटर, साध्या ॲल्युमिनाचा 3.3. तो मोजला विकर्स कठिणता-चाचणीचा टोकदार हिरा दाबून, खळग्याच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तड्यांच्या लांबीवरून. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने असंच मिश्रण खाच पाडून मोडलं, तर चिवटपणात वाढ नाही. शिवाय नुसतं ग्रॅफाइट घातलेल्या नमुन्यातही हिऱ्याखाली तडे निघाले नाहीत!

रबाळे एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये याच मुद्द्यावर आमची साहेबांशी जुंपली होती. त्यांचं म्हणणं, "तडाच दिसत नाही, म्हणजे चिवट." तसं नसतं. कणांच्या सीमेवर बसलेल्या नळ्यांमुळे हिऱ्याखालचा माल सरकतो, आत दबतो, आणि तडा उघडणारा ताणच कमी पडतो. सच्छिद्र चकतीही अशीच फसवते. शेवटी 50 मिमी डायमध्ये (साच्यात) भाजलेल्या आमच्या नळ्यांच्या चकतीचे 3×4×45 मिमीचे बार कापले. डायमंड चाकाने खाच पाडली, मग दाढीच्या ब्लेडवर 3 आणि नंतर 1 मायक्रॉनची डायमंड पेस्ट लावून ती टोकदार केली. टोकाची त्रिज्या 10 मायक्रॉनच्या आत हवी. बोथट खाच खोटा मोठा आकडा देते. बार मोडले, आकडा साध्या ॲल्युमिनाएवढाच आला. रिपोर्टात तरीही हिरा दाबून काढलेलाच आकडा गेला. ते चूकच होतं, आजही माझं मत तेच आहे.

टक्क्यांचं म्हणाल तर आकारमानाने 1 पासून सुरू करा. 100 ग्रॅम ॲल्युमिनाला साधारण अर्धा ग्रॅम नळ्या. वजनाचे आणि आकारमानाचे टक्के एक नव्हेत. आम्लाने धुतलेल्या नळ्यांवर ऋण भार असतो आणि पीएच 4 च्या आसपास ॲल्युमिनावर धन, म्हणून त्या कणांना चिकटतात. दोन्ही पाण्यात कालवून भांडं थोडा वेळ ठेवून बघा: खाली एकसारखा राखाडी गाळ, वर नितळ पाणी. वरचं पाणी काळं राहिलं तर पुढे जाऊच नका. हॉटप्लेटवर सावकाश वाळवलं की नळ्या पुन्हा वेगळ्या होऊन गुठळ्या धरतात. फ्रीज ड्रायर वापरा. अल्ट्रासॉनिक तासन्‌तास चालवलं तर नळ्या तुटून आखूड होतात. एसपीएसमध्ये (स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग, म्हणजे दाब आणि वीज देऊन भाजण्याच्या यंत्रात) व्हॅक्यूम, 50 मेगापास्कल, 1400 अंशांच्या आसपास, 5 मिनिटं. घनता सैद्धांतिक घनतेच्या 98 टक्क्यांखाली असेल तर मोजण्यात अर्थ नाही. उघड्या हवेच्या भट्टीत 600 अंशांपर्यंत नळ्या जळू लागलेल्या असतात. चकती पांढरी निघाली की समजा, आत काही उरलं नाही.

नुसता चिवटपणाच हवा असेल तर 10 ते 20 टक्के झिरकोनिया घाला, जास्त भरवशाचं आहे. हां, नळ्या अगदीच वाया जातात असं नाही: कण वाढू देत नाहीत, आणि काही टक्क्यांतच वीज वाहू लागते, म्हणजे वायरकटवर (तारेतून विजेच्या ठिणग्या पाडून कापणाऱ्या मशीनवर) कापायची सोय होते. कोरड्या नळ्या मात्र मास्कशिवाय आणि पंख्याखाली उघडू नका.